फोर बाय फोर घेतल्यानंतर

चारी चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचविणारे वाहन, म्हणजे आपल्या नित्याच्या बोलण्यातील फोर बाय फोर, दारात येऊन उभे राहिले की पहिल्या पंधरवड्यातच त्याच्या मालकाची पावले ॲक्सेसरीजच्या दुकानाकडे वळतात. आणि तेथे रुंद टायर, उंच स्प्रिंगा, लोखंडी बंपर, विंच, स्नॉर्केल, टपावरील जाळी आणि दिव्यांची पट्टी अशी जी यादी तयार होते तिची बेरीज सहज लाखांत जाते. हौसेच्या या खर्चाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्यामागच्या समजुतीला, की यादीतील प्रत्येक वस्तू गाडीच्या सामर्थ्यात भर घालते आणि मोबदल्यात काहीच हिरावून घेत नाही. वस्तुतः प्रत्येक जोडकामाच्या जमेसमोर खर्चाची एक बाजू मांडलेली असते, आणि ती बाजू दुकानात सहसा वाचून दाखविली जात नाही. म्हणून ती येथे मांडण्याचे योजिले आहे.

मूळ टायर काढून मोठे टायर बसविले की गाडी उंच होते आणि अधिक दुर्गम जागी जाते, हा समज सर्वांत रूढ आहे, आणि त्याची शहानिशा साध्या अंकगणिताने होते. मारुती सुझुकीच्या जिम्नीला कारखान्यातून १९५/८० आर १५ या मापाचे टायर येतात. यातील १९५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. हिशेब केला असता संपूर्ण चाकाचा व्यास ६९३ मिलिमीटर भरतो. त्या जागी २३५/७५ आर १५ हा पुष्कळांना मोह पाडणारा टायर बसविला तर व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर होतो, म्हणजे ४० मिलिमीटरांची वाढ. परंतु ॲक्सल चाकाच्या मध्यभागी असल्यामुळे गाडीचे पोट त्याच्या निम्म्यानेच, २० मिलिमीटरने, वर उचलले जाते. एवढ्या दोन सेंटीमीटरांसाठी काय द्यावे लागते ते पाहावे. चाकाचा घेर जवळजवळ ६ टक्क्यांनी वाढल्यामुळे सर्व गिअर तितकेच लांबतात, आणि खडकाळ चढावर ज्या संथ, ताकदीच्या चालीसाठी लो रेंजची तजवीज केलेली असते तीच चाल थोडी हातची जाते. स्पीडोमीटरचा काटा पूर्वीपेक्षा ६ टक्के कमी वेग दाखवू लागतो. अधिक वजनाचे चाक थांबविण्याचे काम त्याच जुन्या ब्रेकांवर पडते. आणि स्टिअरिंग पूर्ण वळविले असता टायर आतल्या भागांना घासण्याचा संभव निर्माण होतो. व्यवहार अगदीच तोट्याचा आहे असे मी म्हणत नाही. मात्र तो व्यवहार आहे, हे ध्यानात असावे.

टायर निवडताना मापाइतकाच महत्त्वाचा असतो त्याच्या बाजूवर उठविलेला मजकूर, जो आपण दस्तऐवजासारखा वाचावयास हवा. मापापुढील अंक भाराची मर्यादा सांगतो: १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १११ म्हणजे १०९० किलो, त्यापुढील अक्षर वेगाची मर्यादा सांगते: क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, टी म्हणजे १९०. नव्या टायरचे हे दोन्ही आकडे मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नयेत. याखेरीज डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीतील शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा आणि साल दाखवितात. २३२४ असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेले रबर दिसावयास नवे कोरेच असते, सबब हे अंक पैसे देण्यापूर्वी पाहावेत.

आता नक्षीविषयी. खोल खाचांचा आणि मोठ्या ठोकळ्यांचा मड-टेरेन टायर म्हणजे सर्व चिखलांवरचा उपाय, अशी समजूत आहे; पण चिखल हा एकजिनसी पदार्थ नव्हे, हे आपल्या महाराष्ट्रात राहणाऱ्याला तरी वेगळे सांगावयास नको. कोकणातील जांभ्याच्या वाटेवर मातीचा थर पातळ असून खाली कठीण कातळ असतो. तेथे थर कापून खालच्या टणक पृष्ठभागाला भिडणारा अरुंद टायर अधिक उपयोगी पडतो. दुसऱ्या महायुद्धातील जीप ६.०० इंच रुंदीच्या, आज किरकोळ भासणाऱ्या टायरांवर युरोपातील राड तुडवीत गेली, हे येथे स्मरणीय आहे. उलट देशावरील काळी माती पाणी पिऊन फुगणारी आणि विलक्षण चिकट. मृगाच्या चार सरी पडल्यानंतर एखाद्या पाणंद रस्त्यावर गाडी घातली तर पन्नास पावलांत खाचा गच्च भरतात, टायर मातीचा गुळगुळीत गोळा होऊन बसतो, आणि मग त्याची मूळ नक्षी कोणती होती हा प्रश्नच उरत नाही. मड-टेरेनच्या रुंद खाचा ही माती काही अंशी फेकून देतात हे खरे, पण त्यासाठी चाक वेगाने फिरावे लागते, आणि वेगाने फिरणारे चाक काळ्या मातीत स्वतःसाठी खड्डा खणते. शेतकरी वाफसा आल्याशिवाय शेतात औत घालीत नाही. काळ्या रानातील पाणंदीवर गाडी घालतानाही तीच वाट पाहणे हा मला ठाऊक असलेला एकमेव खात्रीचा इलाज आहे.

त्यातून मड-टेरेन टायरचे ओल्या डांबरावरचे वर्तन विचारात घेतले पाहिजे. खाचा मोठ्या म्हणजे रस्त्याला टेकणारे रबर कमी, आणि म्हणून पावसाळी घाटात ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास लागणारे अंतर अधिक. ज्याच्या १०० किलोमीटरांपैकी ९० डांबरावर जातात त्याने ऑल-टेरेन जातीचा मध्यममार्ग पत्करावा. २०२० सालापासूनच्या थारला २५५/६५ आर १८ या मापात कारखान्यातूनच ऑल-टेरेन टायर मिळू लागले, आणि ते झिजण्याआधी काढून टाकण्यास सबळ कारण असावयास हवे. याच ओघात आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे: चारी चाकांना गती मिळाल्याने गाडी लवकर थांबते, हा. ब्रेक प्रत्येक मोटारीत चारी चाकांनाच असतात. फोर बाय फोर निसरड्या जागी चालू लागण्यास साहाय्य करते, थांबण्यास नव्हे. शिवाय थार, जिम्नी, गुरखा यांसारख्या गाड्यांत पुढच्या-मागच्या ॲक्सलांमध्ये मधला डिफरेन्शियल नसल्याने, सुक्या डांबरावर फोर-हाय लावून वळण घेतले तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वाटेतील फरक यंत्रणेत ताण होऊन साठतो.

लडाख किंवा स्पितीच्या हिवाळी प्रवासास निघणाऱ्यांनी आणखी एक खूण ओळखावी. टायरवरील एम अधिक एस हे चिन्ह, म्हणजे चिखल आणि बर्फ, हे केवळ नक्षीच्या रचनेवरून निर्मात्याने केलेले विधान आहे. त्यामागे बर्फावरील कसोटी नसते. तीन शिखरे आणि त्यांत हिमकण असे चित्र असेल तरच तो टायर बर्फावर पारखलेला समजावा.

परंतु टायरचे सामर्थ्य नक्षीहून अधिक ज्या वस्तूत आहे ती फुकट मिळते: हवा. कमी हवा म्हणजे निष्काळजीपणा, ही शिकवण डांबरापुरती सत्य आहे आणि डांबर सोडताच असत्य ठरते. राल्फ बॅगनोल्ड नावाच्या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने १९२० आणि १९३० च्या दशकांत लिबियाच्या वाळवंटात फोर्डच्या साध्या गाड्या नेल्या, ज्यांच्या केवळ मागच्या दोन चाकांना गती होती. टायरमधील हवा कमी करून आणि रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पन्हळी सारून त्याने असे प्रदेश ओलांडले जे मोटारीला अगम्य मानले जात. १९४० मध्ये त्याने उभारलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपचे शेव्हरोले ट्रकही बहुतांशी दोनच चाकांच्या गतीचे होते. आज बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या रिकव्हरी ट्रॅक त्या पन्हळींच्याच वंशज आहेत. कारण सोपे आहे: हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकणारा ठसा, रुंदीपेक्षा लांबीने, वाढतो, भार पसरतो, आणि रबर दगडाला आघात न करता कवेत घेते. रस्त्यावर ३० पीएसआय हवा असेल तर खडकाळ वाटेवर १८ ते २०, आणि पुळणीसारख्या सैल वाळूत १५ च्या आसपास ठेवावी. फार खाली गेल्यास टायरची कड रिमवरून सुटू शकते. (पुळणीवर गाडी नेण्यास आपल्या अनेक किनाऱ्यांवर मनाई आहे, आणि ती भरतीच्या व कासवांच्या घरट्यांच्या दृष्टीने अत्यंत योग्य आहे.) डांबर लागताच हवा पुन्हा पूर्ण भरणे अनिवार्य, कारण मऊ टायर वेगात तापून फुटतो, सबब एक विश्वसनीय गेज आणि बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर ही या गाडीची पहिली खरेदी असावी. नायट्रोजनचा आग्रह मात्र अनावश्यक. साध्या हवेतच तो ७८ टक्के असतो.

पाण्यासंबंधीचा गैरसमज सर्वांत घातक आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. स्नॉर्केल बसविले की गाडी जलचर झाली असे मानणारे पुष्कळ भेटतात. स्नॉर्केलचे कार्य एकच: इंजिनाला लागणारी हवा उंचावरून घेणे, जेणेकरून सिलिंडरमध्ये पाणी शिरून, ते दाबले जात नसल्यामुळे, कनेक्टिंग रॉड वाकू नये. डिफरेन्शियल आणि गिअरबॉक्सच्या श्वासनलिका, विजेच्या जोडण्या, दारांच्या फटी यांचे रक्षण ते करीत नाही. तापलेला डिफरेन्शियल थंड ओढ्यात उतरला की आतील हवा आकसून पाणी ओढून घेते आणि तेल दुधाळ होते. थारसाठी ६५० आणि गुरखासाठी ७०० मिलिमीटर ही जी खोली निर्माते सांगतात ती स्थिर पाण्यासाठी समजावी. वाहत्या पाण्याचा न्याय निराळा. गाडीच्या तळाचे क्षेत्रफळ ६ चौरस मीटर धरले, तर तळाच्या वर चढलेले प्रत्येक १० सेंटीमीटर पाणी, आत शिरेपर्यंत, सुमारे ६०० किलोंचा भार उचलून धरते. जिम्नीचे वजन १२०० किलोंच्या आसपास आहे. म्हणजे फरशी पुलावर गुडघ्याच्या थोडे वर पाणी वाहत असेल तर ती जवळजवळ तरंगू लागलेली असते, चाकांना जमिनीची पकड उरलेली नसते, आणि प्रवाहाला तिला कठड्याविना पुलावरून ढकलण्यास विशेष बळ लागत नाही. दरवर्षी पावसाळ्यात अशा वार्ता आपण वाचतो. तेथे कोणताही टायर आणि कोणतेही स्नॉर्केल उपयोगाचे नाही. पाणी ओसरेपर्यंत थांबावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

लोखंडी बंपर आणि बुल-बार यांच्यासंबंधी थोडक्यात सांगता येईल. विंचसह असा बंपर पुढच्या ॲक्सलवर सहज ८० किलोंची भर घालतो, टकरीचा आघात शोषण्यासाठी चुरण्याची योजना केलेला भाग निरर्थक करतो, एअरबॅग उघडण्याच्या हिशेबात व्यत्यय आणतो, आणि पादचाऱ्याला होणारी इजा वाढवितो. शिवाय मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करण्याची मुभा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला आहे. त्याच गाडीच्या एखाद्या आवृत्तीसाठी निर्मात्याने मान्य केलेल्या मापांपलीकडे टायर नेऊ नयेत, आणि केलेली प्रत्येक जोडणी विमा कंपनीस लेखी कळवावी.

राहिली सुटकेची सामग्री. मागचा ट्रेलरचा गोळा, म्हणजे टो-बॉल, दोर अडकविण्याची जागा आहे असे दिसते, पण ती तशी नव्हे. तो ट्रेलर ओढण्याच्या सावकाश भारासाठी घडविलेला असतो. रुतलेली गाडी झटक्याने ओढताना तो तुटला तर तोफगोळ्याप्रमाणे सुटतो, आणि त्याने माणसे दगावलेली आहेत. दोर नेहमी चासिसला बोल्टांनी जखडलेल्या अधिकृत हुकालाच लावावा. झटक्याने ओढावयाचे तर ताणला जाणारा नायलॉनचा कायनेटिक दोर हवा, साखळी किंवा तारेचा दोर कदापि नव्हे. शॅकलवर सुरक्षित भार उठविलेला असावा. १९ मिलिमीटरच्या चांगल्या बो-शॅकलवर तो ४.७५ टन असतो, आणि ज्यावर काहीच लिहिलेले नाही ते शॅकल दुकानातच सोडावे. विंच घेतलीच तर तिची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट असावी, आणि पाटीवरचा आकडा ड्रमवर तारेचा शेवटचा एकच थर उरला असतानाचा आहे, जितके थर अधिक तितकी ओढ कमी, हे स्मरणात ठेवावे.

माझ्या स्वतःच्या गाडीच्या डिकीत सध्या गेज, कॉम्प्रेसर, एक कायनेटिक दोर, दोन शॅकल, दोन रिकव्हरी ट्रॅक, जाड हातमोजे आणि लहान दांड्याचे एक फावडे आहे, आणि या सर्वांचे वजन मिळून २५ किलोंच्या आत येते. दोर गेल्या दोन पावसाळ्यांत एकदाच बाहेर निघाला, तोही दुसऱ्याच्या गाडीसाठी. फावडे आणि गेज मात्र जवळजवळ प्रत्येक फेरीत हाताशी येतात. टपावरची जाळी मी अद्याप बसविलेली नाही.