उच्चदाब बूस्ट परिवर्तकातील निर्गम धारित्राची निवड

बूस्ट परिवर्तकाच्या निर्गमाशी किती मायक्रोफॅरडचे धारित्र जोडावे, या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकातील एका सूत्राने मिळते. तथापि उच्च विभवांतराच्या मंडलात ते सूत्र अपुरे ठरते व प्रसंगी दिशाभूलही करते. प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे या निवडीचे निकष स्पष्ट केले आहेत.

१२ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या मालिकेत जोडून मिळणारे सुमारे १०० व्होल्ट ४०० व्होल्टपर्यंत वाढवावयाचे आहेत, भार १०० वॅटचा आहे आणि स्विचिंगची वारंवारता ५० किलोहर्ट्झ आहे असे मानू. निर्गम प्रवाह ०.२५ अँपिअर व ड्यूटी सायकल ०.७५ येते. मॉस्फेट चालू असताना डायोड बंद असतो आणि तेवढा काळ भाराला केवळ धारित्रच प्रवाह पुरविते. या काळातील विभवांतराची घट ४ व्होल्टपर्यंत, म्हणजे १ टक्क्यापर्यंत, मर्यादित ठेवण्यास सूत्रानुसार ०.९४ मायक्रोफॅरड पुरेसे होतात. साहजिकच १ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे लहानसे इलेक्ट्रोलिटिक धारित्र जोडण्याचा मोह होतो.

चूक नेमकी येथेच होते. सूत्राने धारित्र आदर्श मानलेले असते. प्रत्यक्षात त्याच्याशी मालिकेत एक अंतर्गत रोध असतो. एवढ्या लहान इलेक्ट्रोलिटिकमध्ये तो १०० हर्ट्झला शेकडो ओहम असू शकतो. उच्च वारंवारतेला तो ५० ओहमपर्यंत उतरला असे समजले, तरी डायोड वाहू लागताक्षणी सुमारे १ अँपिअरच्या प्रवाहबदलामुळे निर्गमावर ५० व्होल्टची उडी दिसेल. अपेक्षित ४ व्होल्ट कोठल्या कोठे राहतात! शिवाय धारित्रातील रिपल प्रवाहाचे वर्गमध्यमूळ मूल्य ०.४३ अँपिअर येते. म्हणजे बोटाच्या पेरापेक्षाही लहान डबीत ९ वॅटहून अधिक उष्णता निर्माण होईल. असे धारित्र फुगते आणि फुटते.

तेव्हा प्रथम पाहावयाचा तो रिपल प्रवाह. २.२ मायक्रोफॅरडच्या पॉलिप्रॉपिलीन फिल्म धारित्राचा अंतर्गत रोध मिलिओहममध्ये मोजला जातो. हा प्रवाह ते सहज वाहते आणि रिपल १.७ व्होल्टपर्यंत खाली येतो. सिरॅमिक धारित्र आकाराने आकर्षक वाटते. परंतु एक्स-सेव्हन-आर प्रकारात उच्च एकदिश विभवांतराखाली धारकता बरीच घटते, हे वेष्टनावरील आकडा सांगत नाही.

मात्र केवळ फिल्म धारित्राने भागत नाही. बूस्ट परिवर्तकाचे पुनर्भरण-नियंत्रण स्वभावतःच मंद ठेवावे लागते. भार अचानक ०.१० वरून ०.२५ अँपिअर झाला आणि नियंत्रणास सावरण्यास १ मिलिसेकंद लागला, तर २.२ मायक्रोफॅरडवर सुमारे ६८ व्होल्टची घट होईल. समांतर ५० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक साठा असल्यास हीच घट ३ व्होल्टच्या आत राहते. एकाने जलद रिपलचा वाटा उचलावा, दुसऱ्याने भारबदल सोसावा, अशी ही विभागणी आहे. जलद प्रवाहाचा काही भाग इलेक्ट्रोलिटिकमधूनही जातोच. म्हणून त्याची रिपल-क्षमता तपासणे टळत नाही.

४०० व्होल्टसाठी ४५० व्होल्टचे एक धारित्र वापरता येते, पण राखीव अंतर थोडे उरते. १०० मायक्रोफॅरड, २५० व्होल्टची दोन धारित्रे मालिकेत जोडल्यास ५० मायक्रोफॅरड व ५०० व्होल्टची क्षमता मिळते. दोहोंचा गळती-प्रवाह सारखा नसल्याने विभवांतर असमान विभागले जाते. त्यासाठी प्रत्येकास समांतर २२० किलोओहमचा रोध द्यावा. त्यात एकूण ०.३६ वॅट खर्च होतात.

आयुष्याचा हिशेबही उष्णतेशीच बांधलेला आहे. तापमान १० अंशांनी घटले की इलेक्ट्रोलिटिकचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे. १०५ अंश सेल्सिअसला २००० तासांचे धारित्र ६५ अंशांना सुमारे ३२,००० तास, म्हणजे अखंड वापरात पावणेचार वर्षांच्या आत, टिकते. मॉस्फेटच्या उष्णतापट्टीला खेटून ते बसविणाऱ्याने हे गणित आधी करावे.

४०० व्होल्टला या साठ्यात सुमारे ४ जूल ऊर्जा असते आणि पुरवठा तोडल्यावरही ती तेथेच राहते. बॅटरीचा मार्ग व भार दोन्ही तोडल्यावर वरील समतोल-रोधांतून विभवांतर ५० व्होल्टखाली येण्यास पाऊण मिनिटाहून अधिक काळ लागतो. एखादा रोध तुटला असेल तर त्याहूनही कितीतरी अधिक. म्हणून हात लावण्यापूर्वी मीटरने मोजावे.