मेरियान केटनचा पुनर्विवाह

वेलस्ली हें नांव मराठी घरांत नवें नाहीं. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें वसईस जो तह केला, तो ज्याच्या धोरणाचें फळ होता तो गव्हर्नर-जनरल रिचर्ड वेलस्ली. आणि पुढल्याच वर्षीं २३ सप्टेंबर रोजीं असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा ज्यानें पराभव केला, तो आर्थर वेलस्ली त्याचा धाकटा भाऊ. हाच आर्थर पुढें वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगास ठाऊक झाला. या दोघां भावांच्या राजकारणाविषयीं आणि लढायांविषयीं आमच्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु एकाच स्त्रीच्या सहवासाची दोघांसही ओढ लागली, आणि ती विधवा झाल्यावर त्यांतील थोरल्यानें तिच्याशीं विवाह केला, ही हकीकत आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच माहीत असेल. ती आज सांगण्याचें आम्ही योजिलें आहे. ती मनोरंजक तर आहेच. पण तिच्यांत एक प्रश्नही दडलेला आहे. ज्या समाजांत विधवेच्या पुनर्विवाहास धर्माची किंवा कायद्याची आडकाठी नव्हती, त्या समाजांत तरी तिला असा विवाह करणें खरोखर सोपें होतें काय?

ज्या काळांत ही कथा घडली त्यास इंग्लंडच्या इतिहासांत रीजंटकाल म्हणतात. तिसरा जॉर्ज राजा बुद्धिभ्रंशामुळें राज्यकारभारास असमर्थ ठरल्यावर फेब्रुवारी १८११ पासून जानेवारी १८२० मध्यें तो मरण पावेपर्यंत युवराज हा रीजंट या नात्यानें कारभार पाही. आणि त्यानंतर तोच चौथा जॉर्ज होऊन १८३० पर्यंत गादीवर होता. या अवधींत लंडनच्या उच्च समाजाचा थाटमाट शिगेस पोंचला होता. किंग स्ट्रीटवरील आल्मॅकच्या दिवाणखान्यांत हंगामांत दर बुधवारीं नृत्यसमारंभ होई, आणि त्याचें प्रवेशपत्र कोणास द्यावें हें कांहीं मोजक्या उमरावस्त्रिया ठरवीत. केवळ पैसा आहे म्हणून तें मिळत नसे. कुळ, संपत्ति आणि चालचलणूक हीं तिन्ही तेथें तराजूंत घातलीं जात, आणि विधवा स्त्रीही या तराजूंतून सुटत नसे.

या समाजांतील विधवेची स्थिति थोडक्यांत सांगितली पाहिजे. नवरा वारल्यावर सुमारें वर्षभर तिनें काळीं वस्त्रें वापरावीं, नाच-मेजवान्या वर्ज्य कराव्यात, मग हळूहळू करड्या आणि फिकट जांभळ्या रंगांवर यावें, अशी रीत होती. हा कायदा नव्हे, शिष्टाचार होता. परंतु वर्ष पुरें होण्यापूर्वीं दुसरें लग्न करणाऱ्या स्त्रीची निंदा झाल्यावांचून राहत नसे. खरा महत्त्वाचा भाग कायद्याचा होता. इंग्लंडच्या तत्कालीन कायद्याप्रमाणें विवाह होतांच स्त्रीचें स्वतंत्र अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वांत लोपून जाई. तिची रोकड, दागिने, रोखे हें सर्व त्याचें होई. त्याला वगळून तिला करार करतां येत नसे, कीं दावा लावतां येत नसे. नवरा वारला म्हणजे हें सर्व पालटे. त्याच्या जमिनीच्या एकतृतीयांश हिश्श्याचें उत्पन्न तिला हयातभर मिळे, किंवा लग्नाच्या वेळीं करारानें ठरलेली वार्षिक नेमणूक चालू होई. आणि तिच्या हातीं येणाऱ्या पैशाची ती स्वतः मालकीण होई. प्रौढ कुमारिकेसही कायद्यानें असे हक्क होते; परंतु थोर कुळांतील कुमारिका बहुधा बापाच्या किंवा भावाच्या आश्रयानेंच राही. म्हणून हातांत सत्ता आणि समाजांत मान हीं दोन्ही एकदम लाभत तीं मुख्यतः संपन्न विधवेसच.

आतां या विधवेनें पुन्हां लग्न केलें म्हणजे काय होई, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. दुःखाच्या वाटेनें कां होईना, जें स्वातंत्र्य हातीं आलें होतें, तें तिला पुन्हां नवऱ्याच्या स्वाधीन करावें लागे. दूरदृष्टीचे आईबाप विश्वस्त नेमून मुलीची मालमत्ता त्यांच्या नांवें गुंतवून ठेवीत, आणि इक्विटीचीं न्यायालयें अशा व्यवस्थेस मान देत. पण वकिलांच्या सल्ल्यावांचून आणि पैशावांचून हें साधत नसे. जेन ऑस्टिन या कादंबरीकर्त्रीनें आपल्या ‘पर्सुएशन’ या कादंबरींत लेडी रसेल नांवाच्या संपन्न विधवेविषयीं मोठी मार्मिक टीका केली आहे. तिचें म्हणणें असें कीं, अशा बाईनें दुसऱ्या लग्नाचा विचार केला नाहीं तर लोकांस त्याचा खुलासा लागत नाहीं, उलट तिनें लग्न केलें तरच लोक विनाकारण नाराज होतात. विधुर पुरुष मात्र एकटा राहिला तर त्याचें कारण सांगावें लागतें. कादंबरी १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीं आमच्या कथेंतील बहिणी लंडनमध्यें गाजत होत्या.

या बहिणी केटन घराण्यांतील, अमेरिकेंतील मेरीलंड प्रांताच्या रहिवासी. त्यांचे मातामह चार्ल्स कॅरोल हे १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकीं एकटेच कॅथॉलिक, आणि त्या सर्वांत शेवटपर्यंत हयात राहिलेले. १८३२ सालीं वयाच्या ९५ व्या वर्षीं ते वारले. ते अमेरिकेंतील अत्यंत श्रीमंत गृहस्थांत मोडत. मात्र त्या श्रीमंतीच्या मुळाशीं त्यांच्या मळ्यांवर राबणाऱ्या शेंकडों निग्रो गुलामांचे श्रम होते, हेंही येथें सांगितलें पाहिजे. नातींपैकीं थोरली मेरियान १७८८ सालीं जन्मली. १८०६ मध्यें बाल्टिमोरच्या रॉबर्ट पॅटरसन नांवाच्या व्यापारी घराण्यांतील तरुणाशीं तिचा विवाह झाला. याच रॉबर्टची बहीण बेट्सी हिनें नेपोलियनचा धाकटा भाऊ जेरोम याच्याशीं लग्न केलें होतें, आणि बादशहानें तें लग्न मोडून टाकलें होतें.

१८१६ सालीं मेरियान, तिचा नवरा आणि बेस व लुइझा या तिच्या दोघी बहिणी इंग्लंडला आल्या. त्यांच्या रूपामुळें व मोकळ्या पण मर्यादशील वागणुकीमुळें लंडनच्या लोकांनीं त्यांस ग्रीक पुराणांतील तीन लावण्यदेवतांचें नांव दिलें. वेलिंग्टनच्या घरीं त्यांचें जाणेंयेणें सुरू झालें, आणि मेरियानविषयीं ड्यूकच्या मनांत ओढ उत्पन्न झाल्याचें कोणाच्या नजरेंतून सुटलें नाहीं. परंतु तो विवाहित, तीही विवाहित. लोकांनीं कुजबूज पुष्कळ केली, आणि पॅटरसन पतिपत्नी पुढें अमेरिकेस परतलीं.

लुइझानें १८१७ सालीं वेलिंग्टनचा शरीररक्षक अधिकारी कर्नल हर्व्ही याच्याशीं विवाह केला. स्पेन-पोर्तुगालच्या युद्धांत त्याचा एक हात गेला होता. एकदां लढाईच्या धुमश्चक्रींत एका फ्रेंच घोडेस्वारानें त्याच्यावर तलवार उगारली. पण समोरच्यास एकच हात आहे असें दिसतांच त्यानें तलवारीनेंच मुजरा केला आणि घोडा पुढें हाकला, अशी आख्यायिका सांगतात. असा हा शूर नवरा लग्नानंतर दोनच वर्षांत, १८१९ मध्यें, वारला. लुइझा तिशीही न गाठतां विधवा झाली. पदरीं मूलबाळ नाहीं आणि माहेर समुद्रापलीकडे. नऊ वर्षें ती वैधव्यांत राहिली. १८२८ सालीं ड्यूक ऑफ लीड्सचा वडील मुलगा मार्क्विस ऑफ कार्मार्थन याच्याशीं तिचा दुसरा विवाह झाला, आणि १८३८ मध्यें नवऱ्यास गादी मिळाल्यावर ती डचेस झाली. १८५९ सालीं तो वारेपर्यंत एकतीस वर्षें हा संसार चालला.

इकडे १८२२ सालीं मेरियानचा नवरा रॉबर्टही निवर्तला. तिचें वय तेव्हां अवघें ३४ वर्षांचें. तिलाही अपत्य नव्हतें. कांहीं काळानें ती बेसला घेऊन पुन्हां युरोपांत आली, आणि १८२५ मध्यें आयर्लंडांत डब्लिन येथें गेली. तेथें राजाचा प्रतिनिधि म्हणून रिचर्ड वेलस्ली कारभार पाहत होता. त्याचें वय ६५. हायसिंथ रोलां ही फ्रेंच स्त्री त्याची पहिली पत्नी. तिला त्याच्यापासून पांच मुलें झाल्यावर १७९४ मध्यें त्यानें तिच्याशीं रीतसर लग्न केलें. ती त्याच्याबरोबर हिंदुस्थानांत आली नाहीं. पुढें दोघें विभक्त झालीं, आणि १८१६ सालीं ती वारली. वेलस्ली विद्वान होता, लॅटिन काव्याचा व्यासंगी होता, बोलण्यांत कुशल होता. परंतु उधळेपणामुळें कर्जांत बुडालेला होता. लंडनमधील अॅप्सली हाउस हें आपलें राहतें घर त्याला १८१७ मध्यें धाकट्या भावास विकावें लागलें होतें.

अशा पुरुषानें मेरियानला मागणी घातली आणि तिनें ती स्वीकारली. वेलिंग्टनला हें मुळींच रुचलें नाहीं. भावाच्या कर्जाची आणि स्वभावाची त्याला पुरी ओळख होती, ही गोष्ट खरी. पण त्याच्या नाराजींत स्वतःच्या मनाचा कांहीं भाग नव्हता असें कोण म्हणेल? बेट्सी बोनापार्टला तर आपल्या भावजयीचें हें भाग्य पाहून असूया लपवितां आली नाहीं. पण या घरगुती कुरबुरींहून मोठें वादळ धर्माचें होतें. आयर्लंडांत त्या वेळीं कॅथॉलिक लोकांस पार्लमेंटांत बसण्याचा हक्क नव्हता. वेलस्लीचा ओढा कॅथॉलिकांकडे आहे म्हणून कडव्या प्रॉटेस्टंट पक्षाचा त्याच्यावर आधींच डोळा होता. डिसेंबर १८२२ मध्यें डब्लिनच्या नाट्यगृहांत कोणीं त्याच्या रोखानें बाटलीही भिरकावली होती. आतां प्रॉटेस्टंट राजाच्या या प्रतिनिधीनें कॅथॉलिक पत्नी करण्याचें ठरविलें. मेरियाननें धर्म सोडला नाहीं, आणि तिनें तो सोडावा असा हट्ट त्यानेंही धरला नाहीं. २९ ऑक्टोबर १८२५ रोजीं डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधील राजप्रतिनिधीच्या निवासस्थानीं हा विवाह दोन्ही पंथांच्या विधींनीं झाला. चौथा जॉर्ज राजा रुष्ट झाला. आयर्लंडांतील कॅथॉलिकांस मात्र आनंद झाला. कॅरोल घराण्याचा मूळ पुरुष सतराव्या शतकांत आयर्लंड सोडून मेरीलंडांत जाऊन वसला होता. त्याच घराण्याची मुलगी आतां आयर्लंडच्या राजप्रतिनिधीची पत्नी म्हणून मानानें मिरवूं लागली.

हें प्रेम होतें कीं मानाची हांव होती, असा प्रश्न तेव्हांही लोकांनीं केला. आम्हांस वाटतें, केवळ मानाचीच भूक असती तर कर्जबाजारी म्हाताऱ्याहून सोयीचें स्थळ तिच्यासारखीस मिळणें अवघड नव्हतें. या संसारांत सर्व सुखच होतें असें नाहीं. वेलस्लीचें कर्ज शेवटपर्यंत फिटलें नाहीं. १८३७ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीनें त्याच्या मदतीसाठीं २०,००० पौंड मंजूर केले, इतकी पाळी आली होती. केटन बहिणींस पैशाचा व्यवहार चांगला समजे. बेस तर स्वतः रोख्यांची खरेदी-विक्री पाहत असे. तेव्हां आपण कशांत पाऊल टाकीत आहों, हें मेरियानला कळत नव्हतें असें मानण्यास जागा नाहीं. तिनें तें समजून-उमजून टाकलें, आणि १८४२ सालीं वेलस्ली वारेपर्यंत सतरा वर्षें त्याची पत्नी म्हणून ती राहिली. मध्यंतरीं ती अॅडिलेड राणीच्या सेवेंतील मानकरी स्त्रियांपैकीं एक होती. इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड पुकारणाऱ्या पुढाऱ्याची नात इंग्लंडच्या राणीच्या अंतःपुरांत वावरली! १८५३ मध्यें हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यांत तिचा अंत झाला.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. पुनर्विवाहाची मोकळीक या दोघी बहिणींस होती. पण त्या मोकळिकीचा उपयोग त्यांस करतां आला तो आजोबांची संपत्ति, रूप आणि मोठ्यांच्या ओळखी पाठीशीं होत्या म्हणून. त्याच काळांतील एखाद्या गरीब पाद्र्याच्या किंवा शिपायाच्या विधवेस हीच मोकळीक कागदावर होती. तिच्यासाठीं आल्मॅकचीं दारें उघडलीं नाहींत कीं राजप्रतिनिधीही आला नाहीं. आणि ज्या संपन्न विधवेस संधि मिळे, तिला तिची किंमत स्वतःच्या स्वातंत्र्यानें मोजावी लागे. इंग्लंडांतील विवाहित स्त्रीस स्वतःच्या मालमत्तेवर पुरा हक्क मिळण्यास १८८२ सालचा कायदा यावा लागला. याच राज्यकर्त्यांनीं १८५६ सालीं हिंदु विधवांच्या पुनर्विवाहास कायद्याची संमति दिली, तेव्हां त्यांतही असें कलम होतें कीं, पुन्हां लग्न करणाऱ्या स्त्रीनें पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरील हक्क सोडावा. एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें काढून घेण्याची ही रीत दोन्ही समाजांत सारखीच दिसते.

म्हणून आम्हांस असें सुचवावेंसें वाटतें कीं, कोणत्याही घरांत विधवा लेकीच्या किंवा सुनेच्या पुनर्विवाहाची गोष्ट निघाली, तर वडील मंडळींनीं आपल्या संमतीवरच थांबूं नये. तिच्या नांवें काय आहे, लग्नानंतर तें तिच्याच हातीं राहील कीं नाहीं, आणि या सर्वाची पुरी माहिती तिला स्वतःला आहे कीं नाहीं, याचीही चौकशी त्यांनीं करावी. मेरियानला ती माहिती होती. तिनें केलेली निवड शहाणपणाची होती कीं नाहीं यावर तिच्या काळच्या लोकांनीं हवा तेवढा वाद घातला. परंतु ती निवड तिची स्वतःची होती, याविषयीं तिच्या निंदकांसही कधीं शंका आली नाहीं.