मारातली गिधाडं, खोरीपाड्यातली गिधाडं

जुलै लागला की नाशकातून केनियातल्या मसाई माराच्या सहली निघतात. २०२४पासून तिथलं प्रवेशशुल्क जुलै ते डिसेंबर परदेशी पाहुण्याला दिवसाला २०० डॉलर झालं, तरी जाणारे जातातच. यंदा परतलेल्यांनी फोटो दाखवले: मारा नदीत बुडून मेलेली विल्डबीस्ट आणि त्यांच्यावर तुटून पडलेली गिधाडं. वर म्हणाले, “आपल्याकडे कुठे असं!” ते फार झोंबलं.

आपल्याकडेही, नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलच्या पट्ट्यात, पूर्वी ढोर मेलं की ते गावाबाहेर टाकायचं, पुढचं काम गिधाडांचं. रोजच दिसायची, त्यामुळे कुणी नोंद ठेवली नाही. नव्वदच्या दशकात ती दिसेनाशी झाली. लंगडणाऱ्या बैलाला डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचायचं, बैल मेला की ते मांसातून गिधाडाच्या पोटात जायचं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००४मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनानं हे उघड केलं, तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती.

माझ्या मनात घर करून राहिलं ते त्यानंतरचं, २०१०नंतरचं दशक. हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखात्यानं गिधाडांसाठी खाद्यकेंद्र उभारलं. पाड्यावरची माणसं मेलेलं जनावर तिथे आणून टाकू लागली. एक गिधाड बरगड्यांत मान खुपसून ओढतंय, बाकीची पंख सैल सोडून, मान खांद्यांत घेऊन पाळीची वाट बघतायत, हे मी तिथे पाहिलं. वरून उतरणाऱ्याच्या पंखांचा सणसणाट छातीत जाणवायचा. शहरातले शहाणे तेव्हा हसले होते, मेलेल्या ढोरांवर कसला खर्च करता म्हणून. वर्षाला एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याला सावरायला किती वर्षं लागतात, हे त्यांनी कधी विचारलंच नाही. गिधाडं जगवायला हातभार लावला तो नागली-भातावर जगणाऱ्या या माणसांनी.

आफ्रिकेतही गिधाडं सुखरूप नाहीत. २०१९मध्ये बोट्स्वानात विषारी मांस खाऊन ५३७ गिधाडं एका झटक्यात मेली. तिथे चोरट्या शिकाऱ्यांचं विष, आपल्याकडे दुकानातलं औषध. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली २००६ला. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम चालतं हेही तेव्हाच ठाऊक झालं होतं. तरी माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या, त्या आवरल्या २०१५मध्ये. गिधाडांना तशाच घातक किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी यायला २०२३ उजाडलं. निमेसुलाइडसाठी तर २०२४चा डिसेंबर.