गाडी वंगण मागतेय!

मंडळी, उन्हाळा तोंडावर आला की आपल्या मंडळात दोन विषयांना तोटा नसतो. भारतातून कोणाचे आईवडील कधी येणार, आणि आले की त्यांना कुठं कुठं फिरवून आणायचं. मोटेलची भाडी, बाहेरचं खाणं आणि वडीलधाऱ्यांची पथ्यं यांचा हिशेब करून दमल्यावर आम्ही चार कुटुंबांनी 2022 साली भिशीच्या चालीवर पैसे जमवले आणि चोवीस फुटांचा एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. आत स्वयंपाकघर, संडास, झोपायला सहा जागा. पहिल्याच सहलीत पोहे आणि आल्याचा चहा ट्रेलरमध्ये झाला, तेव्हा आपण फार मोठा पराक्रम केला असं वाटलं होतं. चाकांकडं कोणी पाहिलंच नाही.

जुलै 2023 मध्ये आम्ही शिकागोहून साउथ डकोटातल्या बॅडलँड्सला निघालो. वाट सरळ आय-90 ची, साडेआठशे मैलांच्या आसपास. पुढं पिकअप आणि ट्रेलर, त्याच्यामागं दोन व्हॅन. मिनेसोटात ब्लू अर्थ नावाचं एक छोटं गाव लागतं. तिथं हिरव्या राक्षसाचा म्हणजे जॉली ग्रीन जायंटचा पंचावन्न फुटी पुतळा उभा आहे. पोरांनी तो पाहायचाच असा धोशा लावला म्हणून महामार्ग सोडला, नाहीतर थांबण्याचा विचार नव्हता. 

आमच्यातल्या एकाच्या आई त्या वर्षी साताऱ्याकडच्या गावाहून आल्या होत्या. सगळी मुलं त्यांना आजी म्हणतात, म्हणून आम्हीही आजीच म्हणतो. त्या व्हॅनमधून आधी उतरल्या होत्या आणि पिकअप ट्रेलरला घेऊन हळूहळू वळत होता. आजी म्हणाल्या, "अरे, गाडी वंगण मागतेय." आम्ही हसलो. एकजण म्हणालाही, "आजी, इथल्या गाड्यांना वंगण लागत नाही." आणि सगळे पुतळ्यासमोर फोटो काढायला गेलो.

परत आल्यावर उजव्या बाजूच्या मागच्या चाकाजवळ जळकट वास येत होता. बाटलीतलं चार थेंब पाणी हबच्या टोपीवर टाकलं, तर तापल्या तव्यावर टाकल्यासारखं चर्रर्र झालं. चाकाच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडाले होते. आमच्यातले तिघे इंजिनियर, पण तिघेही सॉफ्टवेअरचे. उरलो आम्ही, ग्रीसमधल्या रेणूंची नावं सांगू शकणारे आणि आयुष्यात एकही हब न उघडलेले. ओसाड गावी एरंड बळी म्हणतात तसे आम्ही त्या दिवशी तज्ज्ञ ठरलो. (या एरंडाची गोष्ट पुढं येणारच आहे.)

तीन तासांनी मेकॅनिक आला. त्यानं हब ओढला तेव्हा आतल्या बेअरिंगचे रोलर सुटे होऊन त्याच्या हातात आले. त्यांना जागच्या जागी धरणारी पत्र्याची जाळी तुकडे तुकडे झाली होती आणि रोलर तापून निळे पडले होते. नशीब एवढंच की स्पिंडल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो आसाचा दांडा, वाचला होता. आणखी तीस-चाळीस मैल गेला असतात तर चाक निसटलं असतं, असा त्याचा अंदाज. त्या चाकाच्या पाठीमागं, शे-दीडशे फुटांवर, आमची व्हॅन पासष्टच्या वेगानं चालली होती आणि तिच्यात पाच मुलं होती. त्या रात्री मोटेलमध्ये यावर कोणीच काही बोललं नाही.

बाकीची तीन चाकंही उघडून घेतली. दोन जवळजवळ कोरडी, आणि तिसऱ्यात दोन रंगांची ग्रीस एकमेकांत मिसळून ताकासारखी पातळ झालेली. ट्रेलर घेताना विकणाऱ्यानं दिलेल्या पावतीवर 'बेअरिंग सर्व्हिस केली' असं स्पष्ट लिहिलं होतं, आणि त्याचे पैसेही आम्ही वेगळे मोजले होते. ती पावती अजून आमच्या फाइलीत आहे. असो.

तेव्हापासून दर एप्रिलमध्ये आम्ही हे काम स्वतः करतो. आपल्यापैकी ज्यांच्याकडे ट्रेलर आहे, बोटीचा असो की गवत कापायचं यंत्र न्यायचा, त्यांच्यासाठी हा लेख. मोटारीत हल्ली बहुधा बंद हबची बेअरिंग असतात, ती उघडून ग्रीस भरायची सोयच नसते, त्यामुळे या विषयाशी आपला संबंधच सुटला आहे. ट्रेलरचं मात्र अजून जुन्या बैलगाडीसारखं आहे. वंगण घालणाऱ्यानं घालायचं, नाहीतर चाक बोंब मारणार. आणि ट्रेलरची बोंब ऐकायला आत कोणी बसलेलं नसतं, ही खरी अडचण.

आमच्या ट्रेलरला दोन आस, चार चाकं आणि प्रत्येक चाकात दोन बेअरिंग, एक आतलं मोठं आणि एक बाहेरचं लहान. दोन्ही निमुळत्या रोलरची. ही कल्पना हेन्री टिमकेन यांची. ते सेंट लुईसला घोडागाड्या बनवत आणि 1898 मध्ये त्यांना या बेअरिंगचं पेटंट मिळालं. रोलर निमुळते असल्यामुळे ती वरून येणारं वजन पेलतात आणि वळणावर बाजूनं येणारा रेटाही पेलतात. आमच्या मापाचं टायर मैलाला सुमारे पावणेआठशे फेऱ्या घेतं. म्हणजे बॅडलँड्सला पोहोचेपर्यंत एकेका चाकाच्या साडेसहा लाख फेऱ्या. एवढ्या फेऱ्यांत पोलादाला पोलाद लागू न देण्याचं काम तेलाचा अगदी पातळ थर करतो.

होय, तेलाचा! ग्रीस म्हणजे घट्ट तेल अशी आपली समजूत असते, ती बरोबर नाही. ग्रीसमध्ये बहुतेक भाग साधं वंगणतेलच असतं आणि थोडा भाग साबण. हा साबण अतिसूक्ष्म धाग्यांचं जाळं करतो आणि स्पंजात पाणी राहावं तसं तेल त्यात धरून ठेवतो. रोलर फिरून दाब आला, ऊब आली की जाळं थोडं थोडं तेल सोडतं. ट्रेलर सात-आठ महिने अंगणात उभा राहिला की तेल हळूहळू गळून वेगळं होतं, दिवसरात्रीच्या तापमानबदलानं हबमध्ये दमट हवा शिरते, पाणी साचतं आणि रोलर जिथं टेकलेले असतात तिथं गंजाचे ठिपके उठतात. म्हणून 'आम्ही वर्षभरात पाचशे मैलसुद्धा गेलो नाही' ही सबब चालत नाही. बारा महिने किंवा बारा हजार मैल, जे आधी येईल ते. आस बनवणाऱ्यांच्या पुस्तिकेत असंच दिलेलं असतं.

आता एरंडाची गोष्ट. पुष्कळशा ग्रीसमधला साबण लिथियमचा असतो. एरंडेल तेलात रिसिनोलिक नावाचं आम्ल असतं, तेलाचा सुमारे पंच्याऐंशी ते नव्वद टक्के भाग त्याचाच. एरंडेलावर हायड्रोजनची प्रक्रिया केली की त्यापासून हायड्रॉक्सीस्टिअरिक आम्ल मिळतं, आणि त्याची लिथियम हायड्रॉक्साइडशी गाठ घातली की हा साबण तयार. जगातला सर्वांत जास्त एरंड पिकतो भारतात आणि भारतातला बहुतांश गुजरातेत. म्हणजे इलिनॉयच्या दुकानात घेतलेल्या डब्यातही थोडं आपल्याकडचं एरंडेल असण्याचा चांगलाच संभव आहे. आजींना हे सांगितलं तेव्हा त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. त्यांच्या माहेरच्या बैलगाडीला एरंडेलाचंच वंगण असे आणि वंगणाचं नळकांडं गाडीखाली लटकत असे. बाजाराला निघायच्या आदल्या रात्री चाक काढून आसाला वंगण द्यायचं, ते काम त्यांच्या धाकट्या भावाकडे होतं. "तुम्ही मोठे शिकलेले, आणि कुरकुर ऐकू येत नाही?" एवढंच त्या म्हणाल्या.

एरंडाचं गुऱ्हाळ पुरे. कामाकडे वळू.

डबा घेताना त्यावर एनएलजीआय क्रमांक 2 आणि जीसी-एलबी ही अक्षरं पाहा. क्रमांक 2 म्हणजे साधारण बांधलेल्या चक्क्याइतका घट्टपणा, आणि जीसी ही चाकांच्या बेअरिंगसाठीची वरची प्रत. आम्ही लिथियम कॉम्प्लेक्स वापरतो. रंगावर जाऊ नका, लाल-निळा हा नुसता रंग असतो. पण एकदा जात ठरवली की तीच ठेवा. लिथियमच्या ग्रीसमध्ये मातीच्या किंवा पॉलियुरियाच्या जाळ्याची ग्रीस मिसळली तर दोन्ही जाळी एकमेकांना मोडतात आणि सगळं पातळ होऊन वाहून जातं. आमच्या तिसऱ्या चाकातलं ताक बहुधा असंच तयार झालं होतं. आत पूर्वी काय भरलं आहे ते माहीत नसेल तर सगळं धुऊन काढणं हाच मार्ग.

ट्रेलर सपाट जागेवर, पिकअपला जोडलेलाच ठेवावा. दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढंमागं ठोकळे लावावेत. जॅक लावायचा तो चौकटीला, आसाला नाही, आसाचा पाइप वाकतो. मग खाली स्टँड द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नये. चाक काढलं की टोपी, कॉटर पिन, नट आणि वॉशर या क्रमानं निघतात. हब ओढताना बाहेरचं लहान बेअरिंग टपकन खाली पडतं, तिथं आधीच हात धरून ठेवा. (आमचं पहिलं वाळूत पडलं.) मागचं सील उचकटून काढलं की आतलं मोठं बेअरिंग मोकळं होतं.

धुवायला रॉकेल किंवा मिनरल स्पिरिट घ्या. पेट्रोल नको, त्याची वाफ भडकते. हवेच्या झोतानं बेअरिंग गरगर फिरवायचा मोह होतो, तो आवरा. कोरडं बेअरिंग त्या वेगानं फुटलं तर रोलर गोळीसारखे सुटतात. पुसून वाळवा आणि चांगल्या उजेडात एकेक रोलर पाहा. खड्डे, गंज, निळी झाक यांतलं काहीही दिसलं तर बेअरिंग बदला, आणि हबमध्ये बसवलेलं त्याचं कडंही बरोबरच बदला. जुन्या कड्यात नवं बेअरिंग बसवणं म्हणजे पैसे फुकट घालवणं. काही दिसलं नाही तर जे बेअरिंग ज्या चाकाचं, त्याच चाकात परत गेलं पाहिजे. आम्ही मुलांच्या जेवणाच्या जुन्या चार डब्यांवर चाकांची नावं लिहून ठेवली आहेत.

आता खरं काम, ग्रीस भरण्याचं. डाव्या तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा, उजव्या हातात बेअरिंगची रुंद कड खाली धरायची आणि तळहाताच्या कडेवर ग्रीस दाबत, ओरबाडत राहायचं. जाळी आणि रोलर यांमधून वरच्या निमुळत्या बाजूनं ग्रीसच्या शेवया बाहेर आल्या की तेवढा भाग भरला. मग थोडं फिरवून पुढचा भाग. सगळीकडून शेवया येईपर्यंत थांबायचं नाही. बाहेरून लोण्यासारखं थापलं म्हणजे झालं असं नव्हे. पुरणपोळीचं पुरण दाबून भरणाऱ्या हाताला हे लवकर साधतं. आमच्यात सर्वांत सफाईदार बेअरिंग भरतात त्या दोन वहिनी. कड्यांवर आणि स्पिंडलवरही पातळ हात फिरवा, पण ब्रेकच्या ड्रमला आणि पॅडना ग्रीसचा थेंबही लागता कामा नये.

सील दरवेळी नवं. त्यावर लाकडाचा सपाट ठोकळा ठेवून हलके ठोके देत सारखं बसवा. तिरपं बसलं की ग्रीस सरळ ब्रेकवर.

काही आसांना टोपीतच ग्रीस पंप करायची सोय असते. ती असली तरी हब उघडायचं चुकत नाही. 2024 मध्ये आमच्यातल्या एकानं वेळ वाचवायला चाक न फिरवता भराभर पंप मारला. सील आतल्या आत सरकलं, ग्रीस ब्रेकवर गेली आणि पॅड बदलावे लागले. वाचलेला वेळ आणि गेलेले पैसे यांचा हिशेब त्यांच्या घरी अजून चालू आहे.

सर्वांत जास्त चुका होतात त्या नट आवळताना. घट्ट म्हणजे सुरक्षित, ही आपली सवय इथं घातक. हब हातानं फिरवत नट पाचएक दशक फूट-पौंडांपर्यंत आवळा, म्हणजे सगळं जागेवर बसेल. मग हब न फिरवता नट पूर्ण सैल करा आणि नुसत्या बोटांनी लागेल तेवढाच पुन्हा फिरवा. पाना वापरायचा नाही. कॉटर पिन नवी घालून टोकं वाकवा. नट पिनच्या आधारानं किंचित हलला तरी चालेल, तसाच असायला हवा. चाकाचे नट मात्र टॉर्क रेंचनं, समोरासमोरचे घेत, तीन टप्प्यांत आवळा. आमच्या अर्ध्या इंची बोल्टना 90 ते 120 फूट-पौंड लागतात. दहा, पंचवीस आणि पन्नास मैलांवर थांबून ते पुन्हा तपासा.

हाताची ग्रीस नुसत्या पाण्यासाबणानं निघत नाही. आधी चमचाभर खाण्याचं तेल चोळा, ग्रीस त्यात विरघळते, मग भांड्यांचा साबण लावा. त्यावर बेसन चोळलं की शेवटचा चिकटपणाही जातो.

रस्त्यावर आता आम्ही दर दोनेक तासांनी थांबतो, आणि पहिल्यांदा उतरल्यावर चारही हबवर दुरून तापमान दाखवणारी छोटी बंदूक रोखतो. आकडा किती यापेक्षा चारांत एखादाच वेगळा आहे का, हे पाहायचं. उन्हाकडची बाजू थोडी जास्त असते, आणि नुकताच उतार उतरला असाल तर ब्रेकमुळंही हब तापतो. बंदूक नसेल तर हाताची पाठ टोपीजवळ न्या, चिकटवू नका.

ट्रेलरमध्ये एका डब्यात एक आतलं आणि एक बाहेरचं बेअरिंग, त्यांची कडी, दोन सीलं, पिना आणि छोटा ग्रीसचा डबा कायम असतो. आमच्या साडेतीन हजार पौंडी आसांना एल68149 आणि एल44649 ही बेअरिंग बसतात, पण तुमच्या बेअरिंगवर कोरलेला आकडा पाहिल्याशिवाय विकत घेऊ नका.

या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सकाळी नऊला ट्रेलर जिथं उभा असतो त्याच अंगणात चाकं उघडणार आहोत. पाहायला या, स्वतःचा ट्रेलर घेऊन आलात तर आणखी उत्तम, जॅक दोन आहेत. आपापल्या मापाची सीलं मात्र घेऊन यायची. जुने कपडे घाला. आजी या वेळीही येऊन पोहोचतील, खुर्ची टाकून बसणार आहेत, आणि चाक फिरवून त्यांना ऐकवल्याशिवाय टोपी बसवायची नाही असं ठरलं आहे. मिसळ साडेबाराला.