१५ ऑक्टोबरचा हिशेब

२७ जुलै २०१९ च्या पहाटे बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. पुराची ती दृश्यं देशभर पाहिली गेली. मात्र त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ठाणे जिल्ह्यातल्या शहरांत पाणीकपात चालू होती, हे फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. बदलापुरात रुळांच्या पश्चिमेला, नदीच्या अंगाला वसलेल्या बेलवलीसारख्या वस्तीला या दोन्ही गोष्टी नव्या नाहीत. जुलैत नदी घराकडे येईल अशी धास्ती असते आणि मे महिन्यात नळाला करंगळीएवढी धार आली तरी बायका बादल्या घेऊन धावतात.

एवढा पाऊस पडणाऱ्या प्रदेशात टंचाई येतेच कशी? कारण इथलं सगळं पाणी चार महिन्यांत पडतं आणि उताराने खाडीकडे निघून जातं. खाली काळा कातळ आहे. तो पाणी फारसं मुरू देत नाही, मुरलेलं फार काळ धरूनही ठेवत नाही. म्हणून कोकणातल्या दुष्काळाची जात मराठवाड्यापेक्षा वेगळी आहे. तिकडे आभाळ दगा देतं, इकडे अडचण साठवणुकीची आहे. राजमाचीच्या परिसरात उगम पावून कर्जत, बदलापूर, कल्याणमार्गे वसईच्या खाडीला जाणारी उल्हास नदी फक्त स्वतःच्या खोऱ्यातल्या पाण्यावर अवलंबून असती, तर फेब्रुवारी-मार्चनंतर तिच्यात फारसं काही उरलं नसतं.

तरीही मे महिन्यात बदलापूरच्या बॅरेजवर उपसा करण्याइतकं पाणी असतं. त्याचं कारण घाटाच्या पलीकडे, मावळात आहे. टाटांचं ठोकरवाडीचं धरण आंध्रा नदीवर बांधलेलं आहे. ही नदी मुळात इंद्रायणीची उपनदी. तिचं पाणी पुढे भीमेतून शेवटी बंगालच्या उपसागराला जायचं. टाटांनी ते बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिमेला वळवलं आणि कड्यावरून खाली आणून भिवपुरीला वीज तयार केली. हे केंद्र १९२२ मध्ये सुरू झालं. जनित्रं फिरवून बाहेर पडणारं पाणी उल्हासच्या खोऱ्यात येतं आणि त्याच पाण्यावर खालची शहरं उन्हाळा काढतात. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी आखलेल्या योजनेचं उरलेलं पाणी शंभर वर्षांनी लाखो लोकांच्या पिण्याचा आधार झालं आहे. बदलापूरकर पितात ते पाणी मोठ्या प्रमाणात मावळच्या पावसाचं आहे, ही गोष्ट इथल्या प्रत्येक शाळेत शिकवायला हवी.

कारण त्या पाण्यावर दुसऱ्यांचीही नजर आहे, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. भीमेच्या खोऱ्यातलं पाणी पश्चिमेला का वळवायचं, दुष्काळी सोलापूरला ते का मिळू नये, असा प्रश्न पुणे-सोलापूरकडून वर्षानुवर्षं विचारला जातो. तिकडे कधी वेगळा निर्णय झालाच, तर त्याचा पहिला चटका बदलापूरच्या नळांना बसेल.

दुसरा आधार बारवी धरणाचा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे एमआयडीसीने, हे धरण १९७२ मध्ये उभं केलं. बारवी नदी बदलापूरच्या खाली उल्हासला मिळते. जांभूळच्या केंद्रात पाणी शुद्ध करून ते कारखान्यांना आणि शहरांना पाठवलं जातं. नावाला औद्योगिक असलं तरी या धरणावर आज ठाणे, कल्याण-डोंबिवली, मिरा-भाईंदर, नवी मुंबई, अंबरनाथ अशा कितीतरी शहरांचे घसे अवलंबून आहेत. उल्हासनगरची अवस्था तर बिकट आहे. १९४९ मध्ये फाळणीच्या निर्वासितांच्या छावणीला नदीच्या नावावरून हे नाव मिळालं, पण महापालिकेचा स्वतःचा जलस्रोत नाही. सगळं पाणी एमआयडीसीकडून विकत घ्यावं लागतं. शहराच्या मधून वाहणारी वालधुनी सांडपाण्याने आणि रसायनांनी इतकी नासली आहे की तिच्याकडे पाण्याचा स्रोत म्हणून पाहताच येत नाही.

बारवीची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. शेवटच्या टप्प्याचं काम होऊनही धरण बराच काळ पूर्ण भरता येत नव्हतं, कारण बुडणाऱ्या गावांचं पुनर्वसन बाकी होतं. २०१९ मध्ये, पुराच्या त्याच पावसाळ्यात, ते नव्या उंचीपर्यंत पहिल्यांदा भरलं. क्षमता सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर झाली. तोंडली, काचकोली, मानिवली ही नावं शहरात फारशी ऐकू येत नाहीत, पण शहरांना मिळालेलं जादा पाणी तोंडलीसारख्या गावांनी घरं-शेतं सोडल्यामुळे मिळालेलं आहे. बाधित कुटुंबांतल्या एकेकाला पाणी घेणाऱ्या संस्थांमध्ये नोकरी द्यायचं ठरलं, आणि त्यासाठीही त्या लोकांना फार वाट पाहावी लागली.

आता हिशेबाकडे येऊ. महाराष्ट्रात धरणातल्या पाण्याचं नियोजन १५ ऑक्टोबरपासून धरलं जातं. पाऊस संपलेला असतो, साठा सगळ्यात जास्त असतो, आणि तिथून पुढच्या १५ जुलैपर्यंत, म्हणजे २७३ दिवस, तो पुरवायचा असतो. १५ जुलै का? मोसमी पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो हे खरं, पण तो लांबू शकतो आणि पहिल्या सरी तापलेली जमीन पिऊन टाकते. धरणाची पातळी हलायला जुलै उजाडतो. पाटबंधारे खात्याचे अभियंते साठा मोजतात, बाष्पीभवन वजा करतात, भिवपुरीहून किती पाणी येईल ते धरतात आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येक शहराचा मंजूर कोटा मांडतात. तूट आली की ती टक्क्यांत निघते आणि मग टक्क्यांचे तास होतात. आठवड्याचे तास १६८. त्यातले २४ तास पुरवठा बंद ठेवला की साधारण १४ टक्के कपात होते. वर्तमानपत्रात ‘१४ टक्के पाणीकपात’ आणि ‘आठवड्यातून एक दिवस पाणी बंद’ या बातम्या जोडीने येतात त्या यामुळे. २०१५-१६ च्या टंचाईत हे तास कितीतरी वाढवावे लागले होते.

कागदावर हा हिशेब सगळ्यांना सारखा असतो. पाइपात तो सारखा राहत नाही. बंद काळात जलवाहिनी रिकामी होते. पुन्हा पाणी सोडल्यावर ती भरायलाच काही तास जातात. सखल भागात आणि जलकुंभाजवळ पाणी आधी पोहोचतं, उंचावरच्या आणि शेवटच्या टोकाच्या घरांना दुसऱ्या दिवशीही कमी दाबानेच मिळतं. ज्या सोसायटीला जमिनीखाली मोठी टाकी आहे तिला एक दिवसाचं बंद जाणवतही नाही. चाळीत पिंपावर भागवणाऱ्या घराला मात्र ते दोन-अडीच दिवसांचं पडतं. त्यात कुणी थेट नळाला मोटर लावली की शेजाऱ्याची धार थांबते. दाब नसलेल्या वाहिनीत गळतीच्या जागेतून गटाराचं पाणी आत ओढलं जाण्याचा धोका असतो, म्हणून कपातीच्या दिवसांत पाणी उकळून प्या असं सांगितलं जातं. उरलेली तहान टँकर भागवतो आणि त्याच्या खर्चाचा भार ज्यांना परवडत नाही त्यांच्यावर सर्वाधिक पडतो.

ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी दरवर्षी टंचाई आराखडा करतात. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असे त्याचे टप्पे असतात. विहिरींतला गाळ काढणं, खासगी विहीर अधिग्रहित करणं, विंधन विहिरी, टँकर, सगळं गावनिहाय लिहिलेलं असतं. शहरांसाठी वॉर्डनिहाय असा कागद लोकांसमोर येत नाही. बदलापूर आणि अंबरनाथला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी देतं, उल्हासनगरला एमआयडीसी, ठाणे-भिवंडीकडे ‘स्टेम’ची शहाड-टेमघर योजना. नदी एकच, उपसा करणारे अनेक, आणि नळ कोरडा पडल्यावर नागरिकाने जाब कुणाला विचारायचा हेच त्याला नीट ठाऊक नसतं.

नियोजन ऐन वेळेवर ढकललं की काय होतं, हे लातूरने २०१६ मध्ये पाहिलं. मांजरा धरण आटलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. दोन वर्षांनी दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनने वेगळी वाट धरली. धरणांची पातळी आणि शहराचा वापर लोकांसमोर सतत मांडला आणि फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली. नळ बंद करण्याचा दिवस पुढे पुढे ढकलला गेला आणि पावसाने अखेर तो टळला.

पण बदलापूरला शिकायला केप टाउनपर्यंत जावं लागत नाही. कराडजवळच्या मलकापूरने २००९ च्या सुमारास चोवीस तास पाण्याची योजना सुरू केली. प्रत्येक जोडणीला मीटर लावला आणि वापर वाढेल तसा दर चढत जाईल अशी आकारणी केली. नळाला केव्हाही पाणी येतं म्हटल्यावर लोकांनी साठवणं सोडलं, सकाळी ‘शिळं’ पाणी ओतून देणं थांबलं. ही योजना उभारण्यात महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचा मोठा वाटा होता, म्हणजे बदलापूरला पाणी देणाऱ्याच संस्थेचा. गावाचा आकार लहान होता हे मान्य, पण ज्ञान घरचंच आहे. नागपूर तर शहराचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला देतं. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांना असं पाणी मिळालं, तर बारवीतला तेवढा वाटा घरांसाठी मोकळा होईल.

लोकसंख्या थांबणारी नाही. २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजारांचं असलेलं बदलापूर २०११ मध्ये १ लाख ७४ हजारांवर गेलं, आणि त्यानंतरचे टॉवर तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. मुरबाडच्या काळू धरणाचं काम २०१२ मध्ये न्यायालयात अडकलं. कर्जत तालुक्यातल्या पोशीर आणि शिलार धरणांना २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. ती उभी राहायला वर्षं लागतील, आणि तिथेही कुणाची तरी गावं आहेत. तोवर करण्यासारखं एक काम फार खर्चाचं नाही. १५ ऑक्टोबरला साठ्याचे आकडे निघतात त्याच आठवड्यात प्रत्येक वॉर्डाचं बंदचं वेळापत्रक जाहीर करावं आणि त्याच कागदावर शेवटच्या टोकाच्या नळाला किती तासांनी, किती दाबाने पाणी पोहोचलं याची मागच्या वर्षीची नोंद छापावी. बेलवलीतल्या टोकाच्या चाळीची नोंद त्यात असेल, तर कपातीचे तास ठरवणाऱ्यांना १४ टक्क्यांचा आकडा त्या घरात किती होतो ते दिसेल.