कॅमेरा विकत घेतांना

दुकानांत कॅमेरा पाहावयास गेलें कीं विक्रेता प्रथम मेगापिक्सेलचा आंकडा सांगतो. त्यास भुलूं नये. सहा इंच लांब व चार इंच रुंद असें सुरेख छायाचित्र छापण्यास सुमारें २२ लाख बिंदु पुरतात. तितके साध्या कॅमेऱ्यांतहि असतातच.

खरें महत्त्व आहे तें प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या आकाराला. बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांत तो जेमतेम ६.२ मिलिमीटर रुंद व ४.६ मिलिमीटर उंच असतो. ज्यास ‘एक इंची’ म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरांचा, म्हणजे क्षेत्रफळानें चौपट. पावसांत तांब्यापेक्षां घंगाळांत पाणी अधिक सांचतें, तसाच हा प्रकार. समईच्या उजेडांत बसलेल्या आजीचा चेहरा लहान सेन्सरवर रवाळ उमटतो, आणि ती संध्याकाळ पुन्हां येत नाहीं.

२०१२ सालीं निघालेल्या सोनी आरएक्स १०० मध्यें एक इंची सेन्सर आहे. नवा कॅमेरा परवडत नसेल, तर असा वापरलेला, बॅटरी व भिंग नीट पारखून, घ्यावा. डिजिटल झूम म्हणजे केवळ चित्र कापून मोठें करणें. त्यासाठीं पैसे मोजूं नयेत. भिंगाचा ऑप्टिकल झूम तेवढा पाहावा.