ओढ्यातली कॅडिस माशी : नवी जाती ठरते कशी?

पावसाळा सरून पाणी निवळले, की मुलांना घेऊन एक सोपा उद्योग करता येतो. धाराशिव जिल्ह्यात या दिवसांत तेरणा, बोरी या नद्यांना आणि बालाघाटच्या डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांना वाहते पाणी असते. बंधाऱ्याच्या खाली, जिथे पाणी दगडांवरून खळाळते, तिथला एखादा दगड उचलून उलटा करावा. त्याला बारीक खडे व काडीकचरा चिकटलेला असेल आणि त्याला लागून कोळिष्टकासारखे छोटे जाळे असेल, तर चिमट्याने ते हळूच बाजूला करावे. आत सेंटिमीटरभर लांबीची बाकदार अळी दिसण्याची शक्यता आहे. छातीच्या तीनही खंडांवर गडद कठीण पट्ट, सहा पाय, पोटाखाली कल्ल्यांचे झुबके आणि शेपटीकडे दोन आकडे, या खुणा जुळल्या तर ती कॅडिस माशीच्या हायड्रोसायकिडी कुलातली अळी समजावी. पाण्याबरोबर वाहत येणारे अन्नकण ती जाळ्यात अडकवून खाते. जाळे विणायला लागणारे रेशीम तिच्याच तोंडातून येते आणि ते पाण्यातही चिकटते. काही कुलांतल्या अळ्या याच रेशमाने वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे जोडून अंगावर नळीसारखे घर बांधतात.

नावात माशी असली, तरी हा कीटक घरमाशीपेक्षा पतंगाच्या जवळचा. पतंग-फुलपाखरांच्या पंखांवर खवले असतात, कॅडिसच्या पंखांवर केस. त्यावरूनच या गणाला ट्रायकोप्टेरा, म्हणजे केसाळ पंखांचे, हे नाव मिळाले. बसल्यावर पंख कौलारू छपरासारखे उतरते राहतात आणि मिशा लांब असतात. जगात या गणाच्या सुमारे 17,000 जाती नोंदलेल्या आहेत, तर भारतात हजाराहून अधिक. (जुन्या पाठ्यपुस्तकांप्रमाणे येथे 'जाती' म्हणजे सर्वांत खालची पायरी आणि 'प्रजाती' म्हणजे तिच्या वरची. वर्तमानपत्रे हल्ली नेमके उलट लिहितात, त्यामुळे मुलांचा गोंधळ होतो.)

मग एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, ही नवीन असेल का?" प्रश्न योग्य आहे, पण अळीकडे पाहून त्याचे उत्तर देता येत नाही. कॅडिस माशीच्या जातींची नावे जवळजवळ सर्व प्रौढ नरांवरून दिलेली आहेत. प्रौढ माश्या मिळवायच्या, तर सूर्यास्तानंतर ओढ्याकाठी पांढरी चादर ताणून तिच्यापुढे दिवा लावावा लागतो. शेजारच्या दोन जातींचे पंख, रंग, आकार बहुधा सारखेच असतात. फरक असतो तो नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या जननेंद्रियांत. म्हणून पोटाचा तेवढा भाग वेगळा करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. आतले मांस विरघळते, कठीण सांगाडा उरतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची बाजूने, वरून आणि खालून अशी तीन चित्रे काढतात. माद्यांची ओळख कुलापर्यंत किंवा प्रजातीपर्यंत पटते, पुढे पुष्कळदा अडते.

खरे काम यानंतर सुरू होते. काढलेले चित्र त्या प्रजातीतल्या प्रत्येक ज्ञात जातीच्या चित्राशी ताडून पाहावे लागते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील मार्टिन मोझली यांनी 1930 च्या दशकात भारतीय कॅडिस माश्यांवर लेखमाला लिहिली. ती मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. पुढे मूळचे स्वित्झर्लंडचे आणि नंतर कॅनडात स्थायिक झालेले फर्नांड श्मिड यांनी भारतीय उपखंडात हिंडून प्रचंड संग्रह केला आणि बरेचसे लेखन फ्रेंचमध्ये केले. म्हणजे आपल्या ओढ्यातला किडा ओळखायला फ्रेंच वाचावे लागते आणि शंका उरलीच, तर मूळ नमुना परदेशातल्या संग्रहालयात पाहावा लागतो! हे सगळे करून कुठेच जुळले नाही, तरच 'नवी जाती' हा शब्द उच्चारायचा. त्यानंतर एक नमुना होलोटाइप म्हणून निवडतात. नावाचा वाद पुढे कधी उद्भवला, तर निकाल त्या एका नमुन्यावरून लागतो. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार 2000 सालापासून असा नमुना जाहीर केल्याशिवाय नव्या जातीचे नाव ग्राह्य धरले जात नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हे कोसोव्हो या छोट्या युरोपीय देशातल्या उदाहरणावरून कळेल. तिथल्या डोंगराळ भागातील डेचान नदीतल्या एका कॅडिस माशीचे वर्णन हलिल इब्राहिमी व सहकाऱ्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केले. नराच्या जननेंद्रियांतील काट्यांचा आणि उपांगांचा आकार जवळच्या जातींपेक्षा वेगळा होता आणि डीएनएनेही त्याला दुजोरा दिला. नाव ठेवले पोटॅमोफायलॅक्स कोरोनाव्हायरस. साथीच्या काळात काम झाले म्हणून, आणि नदीवर बांधलेले जलविद्युत प्रकल्प हीदेखील तिथल्या जिवांवर आलेली साथच, असे सुचवायचे होते म्हणून. ही जाती फार थोड्या जागेत राहते आणि ती जागाच बिघडते आहे. नाव नसते, तर प्रवाहातले किडे कमी झाले एवढेच म्हणता आले असते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. नदीचे प्रदूषण तपासणारा माणूस पाण्यातून अळ्या गोळा करतो, नावे मात्र प्रौढांना दिलेली. सर्वच कॅडिस अळ्या स्वच्छ पाणी मागतात असे नाही. जाळे विणणाऱ्या काही जाती थोडी घाण सोसतात, इतर अनेक सोसत नाहीत. त्यामुळे केवळ कुल ओळखून काढलेला निष्कर्ष ढोबळ ठरतो. अळी आणि प्रौढ यांची जोडी लावण्याची एक जुनी युक्ती मला अजूनही फार आवडते. पूर्ण वाढीला आलेला नर कोष शोधायचा. कोषाच्या घरात एका कोपऱ्यात अळीने टाकलेली कात, तिच्या डोक्याचे व छातीचे पट्ट पडलेले असतात, आणि कोषाच्या पातळ त्वचेतून तयार झालेल्या नराची जननेंद्रिये दिसू लागलेली असतात. अळी आणि प्रौढ दोघांचीही ओळख एकाच घरात मिळते. आता डीएनएच्या 658 अक्षरांच्या एका ठरावीक तुकड्यावरूनही जोडी लावता येते, पण तुलनेसाठी नाव असलेल्या प्रौढाचा तोच तुकडा आधी कोणीतरी वाचून ठेवलेला हवा.

शाळेला यात भाग घ्यायचा असेल, तर नमुने फॉर्मालिनमध्ये ठेवू नयेत, कारण त्यात डीएनए खराब होतो. 95 टक्के अल्कोहोल वापरावे. ते लवकर पेट घेते, म्हणून बाटली शिक्षकांनीच हाताळावी. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकावी, शाई अल्कोहोलमध्ये उतरते. चिठ्ठीवर गाव, ओढ्याचे नाव, अक्षांश-रेखांश, तारीख, पकडण्याची रीत आणि पकडणाऱ्याचे नाव हवे. नुसते 'नळदुर्ग' लिहून भागत नाही, 'बोरी नदी, बंधाऱ्याखाली, वाहत्या पाण्यातला दगड' असे लिहावे. येडशी-रामलिंगघाट अभयारण्यात वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही पकडू नये. ओळख पटवण्यासाठी पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे. नमुने पाठवण्याआधी पत्र लिहून विचारावे आणि बाटलीत कोष असतील, तर पत्रात तसे आवर्जून कळवावे.